आधी तारीख, मग वकील

सकाळी ६.१५

घर जागं होण्याआधी मी आयकर खात्याचं पोर्टल उघडते. चहाचा पहिला घोट आणि पक्षकारांच्या खात्यांत रात्रीतून काय येऊन पडलंय त्याची पाहणी, दोन्ही एकदमच. २०२० पासून आयकराची चौकशी ‘फेसलेस’ झाली. पुण्यातल्या किराणा दुकानदाराची फाइल कोणत्या शहरातला अधिकारी तपासतोय, हे ना दुकानदाराला कळतं ना मला. नोटीस पोर्टलवर येते, उत्तर पोर्टलवर जातं, आदेशही तिथेच उमटतो. पोस्टमनची वाट बघत बसणाऱ्याची मुदत कधी सरते तेही त्याला समजत नाही.

प्रत्येक नोटिशीवर एक दस्त ओळख क्रमांक असतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून तो टाकणं खात्याला बंधनकारक आहे आणि तो खरा की खोटा ते पोर्टलवर कुणालाही तपासता येतं. बनावट नोटिसा पाठवून लोकांना घाबरवणारे कमी नाहीत, म्हणून मी आधी क्रमांक तपासते, मग मजकूर वाचते.

टेबलावर सध्या दोन पुस्तकं असतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला. जुन्या वर्षांची प्रकरणं मात्र १९६१ च्या कायद्यानेच चालतात. वर्षानुवर्षं ज्याला सगळे ‘ऐंशी सी’ म्हणत आले ते आता कलम १२३ झालंय. सल्ला देणाऱ्याने निदान पुढची काही वर्षं दोन्ही पुस्तकं हाताशी ठेवायला हवीत. तुमचं वर्ष कोणतं, हे न विचारताच जो बोलायला लागतो त्याच्यापासून जरा जपून.

‘चांगला टॅक्सचा वकील कसा शोधायचा?’ हा प्रश्न मला लग्नात, लिफ्टमध्ये, भाजी घेतानाही विचारतात. लोकांना नाव हवं असतं. मी उलट विचारते, प्रकरण कोणत्या पायरीवर आहे? विवरणपत्र भरायचंय, नोटीस आलीये, आदेश झालाय, की अपील फेटाळलं गेलंय? पायरी कळल्याशिवाय माणूस ठरत नाही. आज दिवसभरात जे भेटणार आहेत त्यातल्या निम्म्यांना बहुधा मी नकोच असेन.

सकाळी ८.३०

गावाकडची मंडळी लवकर येतात. आजचं कुटुंब पुण्याच्या पश्चिमेकडचं, भातलावणी अर्धी टाकून आलेलं. थोरले काका, धाकटा भाऊ आणि लॅपटॉपची बॅग घेतलेला पुतण्या. काकांनी पिशवीतून कागद काढायला सुरुवात केली आणि जमिनीची हकीगत आजोबांपासून सांगू लागले.

“काका, थांबा. आधी आदेश दाखवा. कधीचा आहे?”

तारीख पाहिली. आदेश निघून पंचवीस दिवस झालेले. पहिल्या अपिलाची मुदत तीस दिवसांची. म्हणजे आजोबा नंतर, अपील आधी.

प्रकरण असं. वडिलोपार्जित भातशेती डिसेंबर २०२० मध्ये विकली, तीन कोटींना. तीन भाऊ, दोन बहिणी. प्रत्येकाच्या वाट्याला साठ लाख. विकलेली जमीन शेतीची आणि ग्रामीण, त्यामुळे कर लागत नाही असं गावात सगळ्यांनी सांगितलं, म्हणून कुणीच विवरणपत्रात ती दाखवली नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातून मोठ्या व्यवहारांची माहिती खात्याकडे जातेच. पाच पॅनवर पाच नोटिसा निघाल्या. काकांच्या नोटिशीला उत्तरच गेलं नाही. अधिकाऱ्याने हाती होतं त्यावर आदेश काढला. सगळे साठ लाख भांडवली नफा. कर, अधिभार, व्याज मिळून मागणी वीस लाखांच्या वर.

“आम्ही कुठं काय लपवलंय, ताई? खरेदीखत रजिस्टर हाये. नोटीस तर आम्हाला आलीच नाही.”

नोटीस आली होती. कुठे, ते पुतण्याने शोधून काढलेलं. काही वर्षांपूर्वी काकांचं विवरणपत्र तालुक्याच्या गावातल्या एका फॉर्म भरणाऱ्याने भरलं तेव्हा पोर्टलवर त्याने स्वतःचाच ईमेल आणि मोबाईल टाकला होता. खात्याच्या दृष्टीने नोटीस पोहोचली. त्या माणसाच्या इनबॉक्समध्ये अशा शेकडो ईमेलांखाली ती पडून राहिली. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत हे इतकं नेहमीचं झालंय की पक्षकार समोर बसला की मी पहिल्यांदा त्याचं पोर्टल उघडायला लावते आणि संपर्काच्या पानावर काय आहे ते त्यालाच मोठ्याने वाचायला सांगते. सल्लागार कोणताही घ्या. खात्यावर ईमेल आणि मोबाईल तुमचाच हवा, पासवर्डही तुमच्या हातात हवा. ‘तुम्ही कशाला त्रास घेता, मी बघतो सगळं’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी ते नाकारायचं.

आता जमिनीकडे. शेतजमीन ‘ग्रामीण’ कधी ठरते याचं माप कायद्यात आहे. जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर सहा, दहा लाखांच्या वर असेल तर आठ. त्यापलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ताच धरली जात नाही. अंतर रस्त्याने मोजत नाहीत, सरळ रेषेत मोजतात. पुणे महापालिका अर्थातच आठ किलोमीटरच्या गटातली.

पण कोणत्या हद्दीपासून? पुण्याच्या हद्दीत २०१७ साली अकरा गावं आली, आणि ३० जून २०२१ ला आणखी तेवीस. ही जमीन विकली गेली डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे तेवीस गावं आत येण्याआधी. अधिकाऱ्याने आदेशात अंतर लिहिलंय ते आजच्या नकाशावरून मोजल्यासारखं दिसतं. जुन्या हद्दीपासून मोजलं तर जमीन आठ किलोमीटरच्या बाहेर जाते, असं पुतण्याने मोबाईलवर मोजून दाखवलं. मोबाईलवरच्या मापाने अपील जिंकता येत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून विक्रीच्या दिवशीच्या हद्दीपासून सरळ रेषेतल्या अंतराचा दाखला काढायचा, आसपास दुसरी एखादी नगरपरिषद नाही ना तेही त्यातच लिहून घ्यायचं.

मग सातबारा. मालकीच्या रकान्यात लोकांचा जीव असतो, मी बघते खालचा बारा नंबर, पिकांची नोंद. विक्रीआधीच्या वर्षांत भात, नाचणी, पुन्हा भात. पण एका वर्षी नुसतंच ‘पड’. पुढचा अधिकारी नेमकं त्यावरच बोट ठेवून विचारणार.

“त्या वर्षी का पड होती?”

काका म्हणाले, “त्या साली थोरल्या बहिणीचे यजमान वारले. कुणाचं लक्षच नव्हतं शेतात.”

हे लिहून घेतलं. कागदात बसेल की नाही ते नंतर ठरेल, पण कारण माहीत असायला हवं.

खरी डोकेदुखी धाकट्या भावाच्या कागदांत निघाली. त्याने कंपनीतल्या मित्राच्या ओळखीने एक सल्लागार गाठला होता आणि उत्तर वेळेवर दिलं होतं. त्यात लिहिलंय, जमीन विकून दुसरी शेतजमीन घेतली, म्हणून कलम ५४बी खाली सूट द्या. ही सूट शहरी धरल्या जाणाऱ्या, करपात्र शेतजमिनीसाठी असते. म्हणजे जी जमीन मोठा भाऊ ग्रामीण म्हणणार, तीच धाकट्याने शहरी असल्याचं एका परीने कबूल केलंय. ‘जमीन ग्रामीणच आहे, तसं न मानल्यास पर्यायाने ही सूट द्या’ एवढं एक वाक्य आधी असतं तर काही बिघडलं नसतं. एका सातबाऱ्यावरच्या पाच जणांनी पाच सल्लागार केले तर निदान त्या पाचांनी एकमेकांशी बोलावं.

पुतण्याने फोनमध्ये माझ्यासाठी प्रश्न लिहून आणले होते. पहिला : “मॅडम, तुमचा सक्सेस रेट किती?”

हा प्रश्न डॉक्टरलाही विचारतात आणि तिथेही त्याचा फारसा उपयोग नसतो. सोपे पेशंट निवडणाऱ्याचा आकडा नेहमी चांगलाच येतो. त्याला म्हटलं, त्यापेक्षा हे विचार. अशा जमिनीच्या प्रकरणांतली अपिलं तुम्ही स्वतः लिहिली आहेत का? आमचं अपील कोण लिहिणार, तुम्ही की ऑफिसातलं कुणी? अपलोड करण्याआधी मसुदा आम्हाला वाचायला मिळेल का? हरलो तर पुढची पायरी कोणती, तिचा खर्च किती, आणि त्या पायरीवर तुम्हीच असाल का? त्याने तिथल्या तिथे मला हे सगळे प्रश्न विचारले. मला बरं वाटलं.

मग पैशांचं. पहिल्या अपिलाची सरकारी फी या प्रकरणात एक हजार रुपये. वादातल्या मागणीच्या वीस टक्के रक्कम भरली तर उरलेल्या वसुलीला अपील निकाली निघेपर्यंत सहसा स्थगिती मिळते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या सूचनेपासून ही रीत आहे. माझी फी त्यांना संध्याकाळी लेखी कळवीन म्हटलं. काकांना ते जरा चमत्कारिक वाटलं. समोरासमोर आकडा ऐकून उठायची त्यांची पद्धत.

सकाळी १०.३०

ट्रिब्युनल. पूर्ण नाव आयकर अपिलीय न्यायाधिकरण, २५ जानेवारी १९४१ ला सुरू झालेलं. पुण्यात त्याचं खंडपीठ आहे, तसंच मुंबई, नागपूर आणि पणजीतही. बेंचवर दोन सदस्य बसतात, एक न्यायिक आणि एक लेखा. कायदा जाणणारा आणि हिशेब जाणणारा अशी ही जोडी मुद्दाम केलेली आहे. इथे वकील उभा राहतो तसा सीएही उभा राहतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २८८ ने दोघांनाही तो अधिकार दिलाय.

बोर्डावर माझं प्रकरण मधेच कुठेतरी. पक्षकार धान्याचा किरकोळ व्यापारी, सकाळपासून बाकावर टेकून बसलेला. नोटाबंदीत, नोव्हेंबर-डिसेंबर २०१६ मध्ये, त्याने बँकेत भरलेली रोकड खात्याने स्पष्टीकरण नसलेलं उत्पन्न धरली. त्यावरचा दर साठ टक्के, वर पंचवीस टक्के अधिभार, वर उपकर. मूळ चौकशीत त्याच्या वतीने जे उत्तर गेलं ते दोन ओळींचं : ‘सदर रक्कम रोख विक्रीची आहे. कृपया नोंद घ्यावी.’ सोबत रोजकीर्द नाही, साठ्याचं रजिस्टर नाही, आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यांतली विक्री नाही. सगळं दुकानातल्या कपाटात होतं. मागितलं नाही म्हणून त्याने दिलं नाही, आणि उत्तर लिहिणाऱ्याला मागावंसं वाटलं नाही.

तथ्यांच्या बाबतीत ट्रिब्युनल हा शेवटचा मुक्काम. इथून पुढे उच्च न्यायालयात जायचं तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न हवा. रोजकीर्द खरी की खोटी हा तसा प्रश्न होत नाही. म्हणून आज माझी सगळी खटपट एवढ्यासाठी होती की कपाटातली रजिस्टरं आता तरी कुणीतरी उघडून बघावीत. नवा पुरावा दाखल करून घेण्याचा अर्ज, त्याला खात्याच्या प्रतिनिधीचा विरोध, बेंचचा प्रश्न : “हे आधी का दिलं नाही?”

खरं उत्तर पक्षकाराच्या बाजूने फारसं जात नाही. तरी सदस्यांनी पेपर बुकाची पानं उलटली, विक्रीचा महिनावार तक्ता नीट बघितला आणि प्रकरण पुन्हा तपासणीसाठी खाली पाठवण्याकडे कल दाखवला. आदेश यथावकाश. म्हणजे जवळपास दहा वर्षांनी प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर, जिथे एक जाडजूड उत्तर पुरलं असतं.

बाहेर आल्यावर व्यापारी म्हणाला, “मॅडम, हायकोर्टात मोठा वकील देऊ या का?”

करकायद्याचे वकील नानी पालखीवाला आपल्याकडे दंतकथा झाले आणि त्यामुळे करदात्याच्या मनात एक चित्र पक्कं बसलं : शेवटी कुणीतरी प्रचंड बुद्धिमान माणूस उभा राहतो आणि सरकार हरतं. तशा लढाया घटनेच्या आणि कायद्याच्या प्रश्नांवर होतात. आपल्यासारख्यांची प्रकरणं तिथवर पोहोचतच नाहीत. ती जिंकली किंवा हरली जातात पहिल्या उत्तरात. जास्तीत जास्त पैसे आणि काळजी तिथे खर्च करायला हवी, आणि लोक नेमके तिथेच सगळ्यात स्वस्त माणूस शोधतात.

दुपारी १.३०

डबा ट्रिब्युनलच्या बाररूममध्ये. आमच्या धंद्यात चांगला माणूस कोण, हे कळायचं ठिकाण हेच. इथे फळ्यावर नाव लागत नाही, पण कुणाचं पेपर बुक पानांचे क्रमांक घालून तयार असतं आणि कोण दरवेळी तारीख मागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पक्षकारालाही हे बघता येतं. ट्रिब्युनलचे आदेश संकेतस्थळावर असतात आणि पहिल्याच पानावर करदात्यातर्फे कोण हजर होतं ते छापलेलं असतं. ज्याला नेमायचं त्याच्या नावाने चार आदेश वाचा. हरलेले असले तरी चालतील. मुद्दा नीट मांडला होता का, एवढंच बघायचं.

शेजारी बसलेला सीए मित्र मला एका कारखानदाराचं हायकोर्टाचं काम देऊ बघत होता. ट्रिब्युनलपर्यंत त्यानेच चालवलं, पुढे त्याला उभं राहता येत नाही. तिथे वकिलीची सनद लागते. मुदत एकशेवीस दिवस. मी त्याला मुंबईतल्या एका सीनिअरांचं नाव सुचवलं. विषय हस्तांतरण किमतीचा (ट्रान्सफर प्रायसिंग) होता, मी तो करत नाही.

दुपारी ३.००

हिंजवडीतला तरुण इंजिनिअर, गळ्यात ओळखपत्र तसंच. खात्याचा ईमेल आलाय : देणगीची वजावट तपासून घ्या.

“मॅडम, मला स्ट्राँग वकील हवाय. फाइट करायचीय.”

“देणगी दिली होतीस?”

थोडा वेळ गप्प. “नाही. ऑफिसमधल्या सगळ्यांचे रिटर्न एक जण भरायचा. त्याने टाकली. रिफंड आला की त्याचे दहा टक्के त्याला.”

नोंदणी आहे पण कुणी नावही ऐकलं नाही अशा राजकीय पक्षाला देणगी दाखवायची आणि रिफंड काढायचा, हा उद्योग बराच चालला. जुलै २०२५ मध्ये खात्याने देशभर दीडशे ठिकाणी या मध्यस्थांवर कारवाई केली. मध्यस्थ पुढे सापडो न सापडो, विवरणपत्रावर सही करदात्याची, जबाबदारीही त्याचीच. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो.

रिफंडच्या टक्क्यावर फी, ही धोक्याची सगळ्यात सोपी खूण. निकालावर किंवा फायद्याच्या टक्क्यावर फी ठरवायला वकिलाला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, आणि सीएलाही त्याच्या कायद्याने, मोजके अपवाद सोडले तर, तसं करता येत नाही. असा सौदा करणारा बहुधा दोन्हीपैकी कुणीच नसतो. ‘कर सल्लागार’ अशी पाटी कुणीही लावू शकतो. वकिलाला सनद विचारा, सीएला सदस्य क्रमांक विचारा. खऱ्याला राग येत नाही. काही जुने कर सल्लागार सनद किंवा सीए नसूनही उत्तम काम करतात, विक्रीकराच्या काळापासून करत आलेत. पण ते स्वतःच्या मर्यादा पहिल्या भेटीतच सांगतात.

मुलाला म्हटलं, यात फाइट काहीच नाही. अजून नोटीस निघालेली नाही, नुसती आठवण आलीये. सीएकडे जा, अद्ययावत विवरणपत्र भर. एका वर्षासाठी कर आणि व्याजावर पंचवीस टक्के जादा, त्याआधीच्या वर्षासाठी पन्नास. उशीर करशील तसा हा आकडा चढत जातो. “वकील कधी लागेल?” उद्या फौजदारी खटला झाला तर. तेव्हा वकीलच लागतो, आणि वकिलाशी केलेल्या बोलण्याला भारतीय साक्ष अधिनियमाचं जे संरक्षण आहे ते सीएशी केलेल्या बोलण्याला नाही. गोपनीयता सीएही पाळतो, पण कायद्याची ती ढाल त्याच्याकडे नसते.

तो जरा नाराज होऊन उठला. लढाईच्या तयारीने आला होता, हाती चलन आलं.

दुपारी ४.४५

मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी. नोटीस जीएसटीची. जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या गुळावर कर बसला. यांनी कोणता माल कसा विकला यावरून वाद. मी म्हटलं, “मी जीएसटी करत नाही.”

“मॅडम, टॅक्स तो टॅक्सच ना?”

नाही. अपिलाची मुदत तिथे तीन महिने, अपील दाखल करतानाच वादातल्या कराचे दहा टक्के भरावे लागतात, निवाडे वेगळे, अधिकारी वेगळे. पलीकडच्या गल्लीतल्या एका वकीलबाईंचा नंबर दिला आणि नोटिशीवरच्या तारखेभोवती पेनाने गोल केला. दहा मिनिटांत काम संपलं. फी घेतली नाही. चहा त्यांनीच मागवला होता.

संध्याकाळी ६.००

ऑफिसातला शांत वेळ. ज्युनिअरने काकांच्या अपिलाचा कच्चा मसुदा केलाय. त्याने पहिला मुद्दा लिहिलाय : ‘आदेश बेकायदेशीर, अन्यायकारक व नैसर्गिक न्यायतत्त्वांचा भंग करणारा आहे.’ असे मुद्दे कुठल्याही प्रकरणाला चिकटवता येतात. मी ते खाली सरकवते आणि वर घेते : विक्रीची तारीख, त्या दिवशीची महापालिकेची हद्द, अंतर, पिकांच्या नोंदी, ‘पड’ लिहिलेलं ते एक वर्ष आणि त्याचं कारण. तथ्यांचं निवेदन असं हवं की गुवाहाटीत बसलेल्या अधिकाऱ्याला, ज्याने हे गाव कधी पाहिलेलं नाही आणि ज्याला बारा नंबर म्हणजे काय ते ठाऊक नाही, ते वाचून शेत डोळ्यांसमोर दिसावं. सातबाऱ्याला इंग्रजी भाषांतर जोडायचं, रकाने समजावून सांगायचे. फेसलेसमध्ये लिहिलेलंच बोलतं. तोंडी बाजू मांडायला व्हिडिओवर मिळतात ती थोडी मिनिटं. म्हणून वकील निवडताना त्याचं बोलणं ऐकू नका, त्याने लिहिलेलं एखादं उत्तर नावं झाकून दाखवायला सांगा.

मग फीचं पत्र. अपील तयार करून दाखल करणं, स्थगितीचा अर्ज, सुनावणीची उत्तरं : प्रत्येकाची रक्कम वेगळी. यात काय नाही तेही लिहिते : ट्रिब्युनल नाही, इतर चौघांची प्रकरणं नाहीत, भूमी अभिलेखातल्या फेऱ्या नाहीत. शेवटी एक परिच्छेद नेहमीचा : अपील यशस्वी होईलच अशी हमी नाही, ‘पड’ची नोंद आणि धाकट्या भावाचं उत्तर हे दोन कच्चे दुवे आहेत. पक्षकाराला त्याच्या प्रकरणातलं वाईट आधी कळलं पाहिजे. जो वकील पहिल्या भेटीत फक्त चांगलं सांगतो, त्याने एकतर कागद वाचलेले नसतात किंवा वाचूनही गिऱ्हाईक सोडवत नसतं.

रात्री ८.३०

न्यू जर्सीत सकाळचे अकरा. पुण्यातल्या एका मावशींची मुलगी. आई गेल्यावर कोथरूडचा फ्लॅट तिच्या नावावर झाला, आता विकायचाय. अनिवासी विक्रेता असला की खरेदीदार कर कापूनच पैसे देतो. कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी घेतलं नाही तर नफ्यावर नव्हे, सगळ्या किमतीवर कापला जातो. मग रिफंडसाठी विवरणपत्र भरून थांबायचं. तिचा करार पुढच्या महिन्यात आहे. प्रमाणपत्राचा अर्ज तिने या आठवड्यातच करायला हवा.

“आणि इथला टॅक्स, ताई?”

तिथलं मला विचारू नकोस, म्हटलं. अमेरिकेत आयआरएसपुढे वकील, सीपीए आणि एन्रोल्ड एजंट, तिघेही प्रतिनिधित्व करू शकतात. विक्री तिथल्या विवरणपत्रात दाखवण्याइतकंच काम असेल तर वकिलाच्या दराने पैसे घालवायची गरज नाही. भारतातली खाती आजवर तिथे दाखवलेलीच नसतील, असं काही असेल, तर मात्र आधी तिथल्या टॅक्स ॲटर्नीशी बोल. सीपीएशी झालेल्या बोलण्याला मिळणारं संरक्षण तिथेही मर्यादित आहे, फौजदारी बाबतीत ते नाही. ती जरा वेळ बोलली नाही, मग म्हणाली, “ॲटर्नीचा नंबर शोधते.” मी पुढे काही विचारलं नाही.

रात्री १०.१५

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप, खास माझ्यासाठी : ‘मेव्हण्यांना आयकरची नोटीस आली आहे. साहेबांशी ओळख असलेला एखादा वकील सुचवा. खर्चाची चिंता नाही.’

कोणत्या साहेबांशी? फाइल कुणाकडे गेलीये ते साहेबांच्या साहेबांनाही पोर्टल उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. ‘आत ओळख आहे’ म्हणून जास्तीचे पैसे घेणारा आता उघड उघड हवा विकतो, आणि गिऱ्हाईक मिळतंच.

मी लिहिलं : ‘नोटिशीचं पहिलं पान पाठवा. उत्तराची शेवटची तारीख कोणती आहे?’

दहा मिनिटांनी उत्तर आलं : ‘ते बघितलं नाही. पण वकील चांगला पाहिजे.’